‘यवतमाळ’वर अडलेली भेंडी

भेंड्यांचा खेळ महाराष्ट्रात कोणाला शिकवावा लागत नाही. समोरच्याच्या शब्दाचे शेवटचे अक्षर घ्यायचे आणि त्या अक्षराने सुरू होणारा शब्द सांगायचा. आमच्या आजोबांच्या पिढीत तो श्लोक आणि आर्यांचा होता, आमच्या बालपणी गाण्यांचा झाला. १९९३ मध्ये झी टीव्हीवर अन्नू कपूर यांची ‘अंताक्षरी’ सुरू झाल्यावर मराठी घरांतही तो बहुतांशी हिंदी चित्रपटगीतांचाच होऊन बसला. मात्र गावांच्या नावांच्या आणि साध्या शब्दांच्या भेंड्या अजूनही एस.टी.च्या प्रवासात, लग्नघरी आणि वीज गेलेल्या संध्याकाळी चालू असतात.

काही वर्षांपूर्वी २७ फेब्रुवारीला, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनी, मारेगावात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी मी शब्दांच्या भेंड्या ठेवल्या होत्या. पंच मीच होतो. खेळ रंगात आला असताना एका मुलाने शब्द दिला : ‘केळ’. त्याने तो उच्चारला मात्र ‘केय’ असा. आमच्या भागात तो तसाच उच्चारला जातो. पुढच्या गटातल्या मुलीने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले : ‘येसन’. तिसऱ्या गटातून लगेच ‘नांगर’ आलाही. खेळ कोठेच थांबला नव्हता. थांबवला तो मी. मी सांगितले की, शब्द ‘केळ’ आहे. ‘ळ’ने शब्द सुरू होत नाही, म्हणून ‘ल’ घ्यायचा. शिवाय ‘येसन’ असा शब्द नाही, तो ‘वेसण’ आहे. म्हणजे तुझे उत्तर दोनदा चुकले. गट बाद.

ती मुलगी उभीच राहिली. मग अगदी हळू, पण स्पष्ट म्हणाली, “पन सर, केयीले ‘केली’ म्हनते कोन? आमच्या घरी तं कोनीच म्हनत नाही.”

वर्ग हसला, मीही हसलो आणि खेळ पुढे नेला. तो प्रश्न मात्र मनातून गेला नाही. हा लेख त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे. शब्दखेळातल्या अक्षराचा नियम हा भाषेचा नियम नसून आपण केलेला एक ठराव असतो, आणि तो ठराव कोणाच्या उच्चारावर बेतला आहे हे मराठीच्या अध्यापकांनी तरी विसरता कामा नये, असे माझे मत आहे.

प्रथम खेळातल्या ‘अक्षरा’चाच विचार करू. इंग्रजीत शब्दखेळांचे मोठे प्रस्थ आहे. तेथील निष्णात खेळाडू कोशातून शब्दांच्या याद्या काढून त्या तोंडपाठ करतात. अमुक तीन अक्षरे लागोपाठ येणारे शब्द, अमुक अक्षरजोडीने संपणारे शब्द, ‘क्यू’च्या मागे ‘यू’ न येणारे शब्द, अशा त्या याद्या असतात. १९३०च्या दशकातील मंदीत काम गमावलेल्या ॲल्फ्रेड बट्स या अमेरिकी वास्तुरचनाकाराने वर्तमानपत्रांतील अक्षरे मोजून कोणते अक्षर किती वेळा येते याचा हिशेब मांडला. त्यातून पुढे १९४८ मध्ये ‘स्क्रॅबल’ या नावाने रूढ झालेला खेळ उभा राहिला. शंभर सोंगट्यांपैकी ‘ई’च्या बारा आणि प्रत्येकीला एक गुण, ‘क्यू’ची एकच आणि तिला दहा गुण, असा तो हिशेब आहे.

या खेळात उच्चाराला काडीचेही स्थान नाही. ओ-यू-जी-एच हा एकच अक्षरक्रम ‘दो’, ‘थ्रू’, ‘कफ’, ‘बाउ’ आणि ‘रफ’ अशा पाच शब्दांत पाच प्रकारे उच्चारला जातो, पण खेळाडूच्या यादीत ते पाचही शब्द एकाच रांगेत बसतात. तेथे अक्षर म्हणजे डोळ्यांना दिसणारी खूण. तिला आवाज असलाच पाहिजे अशी अटही नाही. म्हणून तेथे छापील कोश हा निर्विवाद पंच होऊ शकतो. जे डोळ्यांना दिसते तेच खरे, असे सर्वांनी आधीच मान्य केलेले असते.

मराठीत हे इतके सोपे नाही. आपल्या गावाचेच नाव घ्या. ‘मारेगाव’ या शब्दात किती अक्षरे आहेत? भेंड्या खेळणारे मूल बोटांवर मोजून सांगेल, चार : मा, रे, गा, व. आठवीतला विद्यार्थी व्याकरणाच्या तासाला शिकवल्याप्रमाणे वर्ण सुटे करील तेव्हा म्, आ, र्, ए, ग्, आ, व्, अ असे आठ भरतील. पण आपण प्रत्यक्ष बोलतो तेव्हा शेवटचा ‘अ’ उच्चारतच नाही, म्हणजे कानाला सातच ऐकू येतात. संगणकालाही सातच दिसतात, कारण युनिकोडमध्ये व्यंजनचिन्ह वेगळे आणि कान्यामात्रेचे चिन्ह वेगळे साठवले जाते. एकाच शब्दाचे चार, सात आणि आठ असे तीन हिशेब होतात, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. अशा भाषेत ‘समान अक्षरक्रम असलेले शब्द सांगा’ असे म्हणताच पहिला प्रश्न उठतो तो कोणते अक्षर हा. डोळ्यांचे, कानाचे की वहीतले?

ही अडचण एकट्या मराठीची आहे असे नाही. स्पॅनिश भाषेच्या स्क्रॅबलमध्ये काही जोडअक्षरांना स्वतंत्र सोंगट्या द्याव्या लागल्या, कारण तो समाज त्या जोडीकडे एकच अक्षर म्हणून पाहत आला होता. म्हणजे खेळाचे एकक प्रत्येक भाषेला आपल्या स्वभावाप्रमाणे ठरवावे लागते. भेंड्यांनी ते पूर्वीच ठरवले. स्वरासह उच्चारलेले व्यंजन हे एक अक्षर, पण पुढचा शब्द निवडताना त्याची मात्रा सोडून द्यायची. ‘णी’ आला तर ‘ण’, ‘जी’ आला तर ‘ज’. हा ठराव कोणा विद्वत्सभेने केलेला नाही. खेळणाऱ्यांनीच तो कानाच्या सोयीने केला, आणि तो अत्यंत शहाणपणाचा आहे.

आता या ठरावाची कसोटी आपल्याच जिल्ह्यावर घेऊ. यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत : यवतमाळ, आर्णी, बाभूळगाव, कळंब, केळापूर, राळेगाव, घाटंजी, वणी, मारेगाव, झरी-जामणी, पुसद, महागाव, उमरखेड, दारव्हा, नेर आणि दिग्रस. यांतील पाच नावांत ‘ळ’ आहे आणि तीन नावांत ‘ण’ आहे. म्हणजे निम्म्या तालुक्यांच्या नावांत ती दोन अक्षरे आहेत, ज्यांनी मराठीत शब्द सुरू होत नाही. केवळ या सोळा नावांच्या भेंड्या लावून पाहा. ‘ण’ आल्यावर खेळ संपला, असा कडक नियम ठेवला तर साखळी तीन नावांपलीकडे जात नाही : कळंब, बाभूळगाव, वणी, आणि संपले. ‘ण’ऐवजी ‘न’ चालेल अशी नेहमीची सवलत दिली की तीच साखळी पाचांपर्यंत पोचते : कळंब, बाभूळगाव, वणी, नेर, राळेगाव. मारेगावातून निघालात तरी वाट वणीवरूनच जाते, कारण ‘व’ने सुरू होणारा तालुका तेवढा एकच.

आणि ‘यवतमाळ’? तेथे कोणतीही वाट नाही. ‘ळ’चा ‘ल’ केला तरी ‘ल’ने सुरू होणारा तालुका जिल्ह्यात नाही. गावांच्या भेंड्यांत आमच्याकडची पोरे ‘यवतमाळ’ हा हुकमाचा एक्का म्हणून राखून ठेवतात ती यामुळेच. स्वतःच्या जिल्ह्याच्या नावाने प्रतिस्पर्ध्याची बोलती बंद करण्याचे भाग्य सर्वांच्याच वाट्याला येत नाही. येथे एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. वऱ्हाडीच्या रीतीने ‘ळ’चा ‘य’ केला तर ‘यवतमाळ’ जेथे सुरू होते तेथेच संपते. ‘य’ने आरंभ, ‘य’नेच शेवट.

‘ण’ आणि ‘ळ’ शब्दारंभी का येत नाहीत? संस्कृतात ‘ण’ हा बहुधा परिणाम म्हणून येतो. त्याच शब्दात आधी ऋ, र किंवा ष आला की पुढच्या ‘न’चा ‘ण’ होतो. जो वर्ण मागच्या वर्णाच्या प्रभावाने जन्मतो, त्याला आरंभी जागा मिळणे अवघडच. ‘ळ’ची कथा निराळी आहे. ऋग्वेदाच्या अगदी पहिल्या ऋचेत ‘ळ’ आहे, पण तो दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या ‘ड’चे रूप आहे. पुढच्या अभिजात संस्कृतातून तो नाहीसा झाला. मराठीत तो ठसठशीतपणे आहे, पण येथेही स्वराच्या पाठीमागेच. दोन्ही वर्णांना आधी कोणाचा तरी आधार लागतो.

यावरून ‘मराठीचा हा सनातन नियम आहे’ असे म्हणण्याचा मोह होतो. मात्र येथे एक इतिहास आडवा येतो, आणि तो आपणच अभिमानाने सांगत असतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मान्य केला. त्या दर्जासाठी आपण जी वंशावळ मांडली तीत महाराष्ट्री प्राकृत आणि हालाची ‘गाथासप्तशती’ यांना मानाचे स्थान आहे. या महाराष्ट्री प्राकृतात शब्दारंभी ‘ण’ सर्रास येतो. ‘नगर’चे ‘णअर’ होते, ‘नाथ’चे ‘णाह’ होते, ‘नयन’चे ‘णअण’ होते. जैनांचा नमस्कारमंत्र आजही अनेक घरांत ‘णमो’ने सुरू होतो. म्हणजे ज्या भाषेला आपण मराठीची आई म्हणतो तिच्याशी भेंड्या लावल्या असत्या तर ‘ण’वर आपणच अडलो असतो, ती नव्हे. पिढ्यांच्या ओघात ‘न’चा ‘ण’ झाला, पुन्हा ‘ण’चा ‘न’ झाला. आज आपण ज्याला शुद्ध म्हणतो तो या प्रवासातला एक मुक्काम आहे.

आता वऱ्हाडीकडे वळू. वऱ्हाडीत ‘डोळा’ ‘डोया’ होतो, ‘काळा’ ‘काया’ होतो, ‘जवळ’चे ‘जवय’ होते, ‘पाणी’ ‘पानी’ होते. पूर्वेकडे झाडीबोलीत गेलात तर ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो आणि ‘काळा’चा ‘कारा’ होतो. पश्चिमेला खानदेशातही ‘ळ’ ‘य’कडे झुकतो. याला आपण वर्गात ‘उच्चारदोष’ म्हणतो. पण भेंड्यांच्या दृष्टीने त्या वर्गात काय घडले होते ते पुन्हा पाहा : केय, येसन, नांगर. तीन शब्द, दोन दुवे, आणि दोन्ही दुवे कानाला चोख. त्या मुलांना ‘ळ’साठी ‘ल’ची सवलत लागली नाही, ‘ण’साठी ‘न’ची सवलत लागली नाही. त्यांच्या बोलीत शब्दाच्या शेवटी जे ध्वनी येतात त्यांनी शब्द सुरूही होऊ शकतो. सवलत लागते ती प्रमाण मराठीला. अडतो तो छापील शब्द. बोली वाहत जाते.

हे लक्षात आले तेव्हा मला पंचाच्या खुर्चीत बसलेला मी आठवलो आणि ओशाळल्यासारखे झाले. ‘ळ’चा ‘ल’ करणे ही माझ्या दृष्टीने नियमाला धरून असलेली सवलत होती आणि ‘ळ’चा ‘य’ करणे ही चूक होती. वस्तुतः दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या आहेत. दोन्हींत ‘ळ’ सोडून त्याच्या शेजारचा ध्वनी घेतलेला आहे. फरक इतकाच की एक शेजारी पुस्तकाच्या ओळखीचा आहे आणि दुसरा त्या मुलीच्या घरच्यांच्या ओळखीचा.

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो मला माझ्या सहकाऱ्यांनी लगेच ऐकवला. खेळाला सर्वमान्य नियम हवा. प्रत्येक जण आपल्या घरचा उच्चार आणू लागला तर कोणाचे चुकलेच असे म्हणता येणार नाही, आणि जेथे चूक संभवत नाही तेथे खेळही संभवत नाही. शिवाय विद्यार्थ्याला उद्या स्पर्धापरीक्षा द्यायची आहे. तेथे ‘येसन’ लिहून गुण मिळणार नाहीत. मग आज वर्गात लाड करून त्याचे उद्या नुकसान का करावे?

आक्षेपाचा पहिला भाग मला मान्य आहे. नियम हवाच. पण सर्वमान्य नियम म्हणजे सर्वांनी मिळून मान्य केलेला नियम. काही जणांसाठी आधीच छापून आलेला नियम सर्वमान्य कसा होईल? इंग्रजी खेळाडूंचा कोशही वाटतो तितका एकसंध नाही. स्पर्धात्मक स्क्रॅबलमध्ये उत्तर अमेरिकेत एक शब्दयादी प्रमाण धरली जाते आणि ब्रिटनसह इतर बऱ्याच देशांत दुसरी. एका यादीत ग्राह्य असलेले कितीतरी शब्द दुसरीत बाद ठरतात. तरी खेळ बुडालेला नाही. स्पर्धेआधी कोणती यादी चालेल ते जाहीर करतात आणि खेळतात. आपणही खेळ सुरू होण्यापूर्वी फळ्यावर लिहू शकतो : ‘ळ’वर संपणाऱ्या शब्दानंतर ल किंवा य चालेल, ‘ण’नंतर न चालेल, उच्चारलेला शब्द ग्राह्य, पण प्रमाणरूप विचारले तर सांगता आले पाहिजे. हे शेवटचे कलम महत्त्वाचे आहे, कारण त्यातच आक्षेपाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर आहे. ‘येसन’ म्हणणाऱ्या मुलीला ‘वेसण’ हे रूप ठाऊक असणे हा लाभ आहे. ‘येसन’ अस्तित्वातच नाही असे तिला सांगणे हे असत्य आहे. बैलाच्या नाकात ती वेसण घालताना तिने ती पाहिलेली असते. आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे?

हे असत्य वारंवार सांगितल्याने काय होते ते उत्तरपत्रिकांत दिसते. ‘न’ म्हटले की अशुद्ध, ‘ण’ म्हटले की शुद्ध, एवढेच ज्याच्या मनावर ठसले तो विद्यार्थी भीतीपोटी जेथे ‘न’ योग्य आहे तेथेही ‘ण’ लिहितो. ‘मन’चे ‘मण’ होते. कवीचे ‘मण’ हळवे आहे, असे वाक्य तपासताना आपण हसतो. चाळीस शेरांचे हळवेपण, असा विनोद प्राध्यापकांच्या खोलीत होतो. पण तो ‘मण’ आला कोठून? तो वऱ्हाडीतून आलेला नाही, वऱ्हाडीत ‘मन’ हे ‘मन’च आहे. तो आपण घातलेल्या धाकातून आला आहे. कोलाम आणि गोंड घरांतून येणाऱ्या मुलांची गोष्ट तर आणखी पुढची. कोलामी आणि गोंडी या द्राविड कुळातल्या भाषा, त्यामुळे अशा अनेक मुलांनी वऱ्हाडी हीच प्रथम ‘मराठी’ म्हणून कष्टाने मिळवलेली असते. ती मिळवून महाविद्यालयात यावे तर येथे कोणीतरी सांगतो की हीही नव्हे, दुसरीच.

कोणी म्हणेल, भेंड्यांसारख्या पोरखेळावर इतके चर्वितचर्वण कशाला? साहित्याच्या अभ्यासकांनी तरी असे म्हणू नये. अक्षरांच्या खेळाला आपल्या परंपरेत फार जुने स्थान आहे. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त एका कुमाराचा ओठ प्रियेच्या दंतक्षताने दुखावलेला असतो, म्हणून तो आपली सगळी हकिकत ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो. बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) रचलेल्या अनेक रामायणांपैकी एक ‘निरोष्ठ रामायण’ आहे. त्यात ओठ मिटावे लागतील असे वर्ण नाहीत. थोडे थांबून विचार करा. ‘म’ वर्ज्य आहे, म्हणजे रामाची कथा सांगायची ती ‘राम’ हे नाव न घेता. फ्रान्समध्ये जॉर्ज पेरेक याने १९६९ मध्ये ‘ई’ हे अक्षर गाळून एक अख्खी कादंबरी लिहिली, त्याचे आपल्याला केवढे कौतुक वाटते. बारामतीकडे मात्र आपण ‘शब्दकसरत’ म्हणून पाठ फिरवतो.

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त चित्रकाव्याला खालची पायरी दिली, आणि काव्य म्हणून ती पायरी योग्यही असेल. तो वाद मी घालत नाही. पण ज्याला ‘म’ टाळायचा आहे त्याला आपल्या भाषेत ‘म’ कोठे कोठे लपून बसला आहे ते पुरते ठाऊक असावे लागते. षष्ठीत, सर्वनामांत, क्रियापदांत, कोठे कोणता वर्ण येतो याचा सूक्ष्म शोध घेतल्याशिवाय ही कसरत साधत नाही. अक्षराचा निर्बंध हा भाषेच्या आत शिरण्याचा दरवाजा आहे. काव्य निपजो वा न निपजो, भाषेचे ज्ञान निपजतेच.

हाच दरवाजा वर्गात उघडता येतो. त्यासाठी इंग्रजी खेळाडूंची यादी करण्याची सवय आपण खुशाल उचलावी, मात्र ती पाठ करण्याऐवजी उलगडण्यासाठी. मी अलीकडे एक प्रयोग करतो. फळ्यावर ‘वार’ ही दोन अक्षरे लिहितो आणि शेवटी हा अक्षरक्रम येणारे शब्द सांगा म्हणतो. पहिल्या मिनिटात आठवडा येतो : सोमवार, मंगळवार, शनिवार. मग ‘तलवार’ येते. मग कोणीतरी ‘उमेदवार’ म्हणतो, निवडणुकीचे दिवस असले तर ते पहिलेच येते. ‘परिवार’ येतो. ‘तालुकावार’, ‘तपशीलवार’ येतात. एखादी मुलगी ‘नऊवार’ सांगते आणि वर्गात साडी अवतरते. मग कोणीतरी चाचरत विचारतो, आडनावे चालतील का? आणि चालतील म्हटल्यावर वर्गातली निम्मी हजेरी फळ्यावर येते, कारण आमच्या वणी-मारेगाव पट्ट्यात आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडे ‘वार’ने संपणाऱ्या आडनावांना तोटा नाही. मुनगंटीवार, वडेट्टीवार ही नावे तर अवघ्या महाराष्ट्राला माहीत आहेत.

फळा भरला की मी विचारतो, हे सगळे ‘वार’ एकच का? येथून खरा तास सुरू होतो. सोमवारातला ‘वार’ दिवस सांगतो. ‘तालुकावार’मधला ‘वार’ वाटणी सांगतो. ‘उमेदवार’ फारसीतून आलेला आहे. ‘नऊवार’मधला ‘वार’ कापड मोजतो. ‘तलवारी’तला ‘वार’ घाव घालण्याचा असेल असे सर्वांना वाटते, पण तो संस्कृत ‘तरवारि’मधून आला आहे, त्याचा घावाशी संबंध नाही. आणि आडनावातला ‘वार’? त्याचे नाते तेलुगूतील ‘वारू’ या आदरार्थी प्रत्ययाशी जोडले जाते. ज्या मुलाने आडनाव चालेल का म्हणून चाचरत विचारले होते, त्याच्या आडनावात आपल्या सीमेपलीकडच्या भाषेचा मान वस्तीला आहे हे त्याला त्या दिवशी कळते. संस्कृत, फारसी, तेलुगू आणि घरची मराठी, सगळ्या दोन अक्षरांच्या एका दोरीत ओवलेल्या. ‘कर’ घेऊन पाहा : मारेगावकर, दिवाकर, प्राप्तिकर, नोकर, भाकर, लवकर. ‘गाव’ घेऊन पाहा. जिल्ह्यातले चार तालुके तर त्याच अक्षरांनी संपतात, आणि ‘लगाव’ हा आगंतुक मध्येच येऊन बसतो. शब्दसिद्धीचे प्रकरण तत्सम, तद्भव, देशी, परभाषी अशा चार मथळ्यांखाली पाठ करून जे पदरात पडत नाही, ते या अर्ध्या तासात पडते.

यादीचा हा खेळ आणि भेंड्यांचा खेळ यांत एक साम्य आहे. दोन्हींत शब्द विद्यार्थ्याकडून येतो. अध्यापकाने फक्त नियम सांगायचा असतो. म्हणूनच नियम सांगणाऱ्यावर मोठी जबाबदारी येते. खेळात बाद झालेले मूल पुढच्या डावात पुन्हा येते, पण ज्याचा शब्दच बाद झाला ते मूल पुढच्या वेळी शब्द आणत नाही. ते गप्प बसते आणि आपण त्याला ‘मराठीत कच्चा’ अशी नोंद करून मोकळे होतो. त्या वर्षी तेच घडले. ती मुलगी त्यानंतर वर्षभर वर्गात आपण होऊन एक शब्दही बोलली नाही. हे मी तेव्हा पाहिले होते, पण दोन गोष्टींची सांगड घालायला मला फार वेळ लागला.

प्रमाणभाषा नको असे मी म्हणत नाही. हा लेख मी तिच्यातच लिहिला आहे आणि तिच्यामुळेच तो सावंतवाडीपासून गोंदियापर्यंत वाचता येईल. पण प्रमाणभाषा ही भेटण्याची जागा आहे, राहण्याचे घर नव्हे. भेटायला आलेल्याचे घर कोठे आहे, हे विचारण्याइतके अगत्य तरी आपल्यात असावे.

आता २७ फेब्रुवारीला भेंड्या लागल्या की मी सुरुवातीला फळ्यावर नियम लिहितो. ‘ळ’नंतर ल किंवा य, ज्याच्या तोंडी जो येईल तो. त्यामुळे एक तोटा नक्की झाला आहे. ‘यवतमाळ’ या हुकमाच्या एक्क्याची किंमत उतरली आहे. एका पोराने तो टाकला की दुसरे पोर ‘येसन’ म्हणते आणि खेळ पुढे जातो.